लाटण्याच्या टोकाला इंजिन

बुधवार, २६ जानेवारी १९७२. वेळ सकाळी साडेदहा. जागा: भिंगारच्या रस्त्याला, सरांच्या घरामागचं अंगण. हजर: सर, बाई, शेजारी राहणारे चर्चचे पाळकसाहेब, आबा तांबट आणि मी. गाडी लिंबाखाली, बॉनेट काढून. पाणी भरलं. तेल भरलं. पेट्रोल अर्धा डबा. यादीतल्या एकसष्ट कामांपैकी साठ पूर्ण. बाकी एकच: इंजिन सुरू करणे.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे, अगदी अशीच. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि नगरला एका सरकारी भांडारात कारकून होते. शाळांना लागणारे खडू, फळे, नकाशे आणि घंटा किती आल्या, किती गेल्या, हे लिहायचं माझं काम. ते मला मनापासून आवडायचं. आता पन्नाशीला आले तरी घरात किराण्याची यादी, औषधांची यादी आणि कोणाला काय वाचायला दिलं याची यादी आहेच. माणसांची यादी मात्र मी कधी केली नाही. केली असती तर सरांना कोणत्या सदरात घालायचं हे मला ठरवता आलं नसतं.

सर म्हणजे माझे घरमालक. एका तंत्रशाळेत त्यांनी तीस वर्षं मोटार-इंजिन शिकवलं आणि निवृत्त झाले. सगळं भिंगार त्यांना सर म्हणायचं. चारचौघांत त्यांची बायकोसुद्धा. ती निवृत्त नर्स, तिला सगळे बाई म्हणत. मूलबाळ नव्हतं. घर त्या दोघांचं, आणि मागची एक खोली भाड्याची.

ती खोली मला मिळाली पिठाच्या गिरणीत.

खोली बघायला गेले तर सरांनी दारातच हात वर करून मला थांबवलं. "सलाम. बोलायचं असेल तर गिरणीत या," म्हणाले आणि टोपी घालून चालायलाच लागले. मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा बाळ. घाबरू नको. तिथेच त्यांना ऐकू येतं."

गिरणी कोपऱ्यावरच होती. पट्टा फडफडत होता, जातं घरघरत होतं, बायका एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या. सर बरोबर मधोमध उभे राहिले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "हं. आता बोला." मी ओरडून सांगितलं: कोपरगावची, भांडारात नोकरी, एकटी राहणार, स्वयंपाक स्वतः करणार. ते मान डोलवत सगळं ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वस्तू घेतली की परत जागेवर ठेवता?"

"ठेवते."

"खोली तुमची."

मला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. तो होताच. पण गिरणीचं कारण विक्षिप्तपणाचं नव्हतं. ते बाईंनी मला नंतर सांगितलं. सरांच्या कानातली बारीक हाडं जखडत चालली होती. अशा माणसाला शांत खोलीत काही ऐकू येत नाही आणि गोंगाटात मात्र बोलणं कळतं, असं पुण्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्यामुळे बाईंना नवऱ्याशी महत्त्वाचं काही बोलायचं असलं की त्या पंपाचा स्टोव्ह पेटवायच्या. स्टोव्ह फरफरायला लागला की संसाराची बोलणी सुरू. शेजाऱ्यांना वाटायचं, या घरात चहा फार होतो.

आठवडाभराने माझे वडील कोपरगावहून बघायला आले, की पोरीने कुठे खोली घेतली आहे. सरांनी त्यांनाही गिरणीत नेलं. वडील परत आले तेव्हा त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. एसटीत बसताना मला म्हणाले, "मानूस बरा हाय. पन पोरी, पुढल्या टायमाला येताना दळन घिऊनच येतो."

सरांचा एक ठरलेला शब्द होता: "जागा सांगा." कोणी काही बिघडल्याचं सांगितलं की ते पहिल्यांदा हेच म्हणत. नळ गळतोय, जागा सांगा. पोट दुखतंय, जागा सांगा. एकदा मी भांडारातल्या साहेबाबद्दल बराच वेळ तणतणत होते, स्टोव्हशेजारी बसून. सगळं ऐकून ते म्हणाले, "ही तक्रार आहे की कुरकुर? तक्रारीला जागा असते. कुरकुरीला नसते." मी विचार केला तेव्हा लक्षात आलं, की मला जागा सांगता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर ती सापडली: साहेब माझी नोंदवही न वाचता सही करत. तेवढंच मी त्यांना सांगितलं, आणि ते वाचायला लागले.

कानांबद्दल सर तक्रार करत नसत. एकदाच म्हणाले होते, "डोक्यात दिवसभर भुणभुण चालू असते. कुठून येते, सांगता येत नाही. जागाच नाही तिला." आणि विषय बदलला.

आता गाडीचं.

गाडी विलायती होती, दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची. पुढे अष्टकोनी बिल्ला. सर पंचविशीत असताना कॅम्पातल्या एका वर्कशॉपमध्ये होते आणि एका इंग्रज अधिकाऱ्याची ही गाडी सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. ते म्हणत, "मला मिस्त्रीकाम हातांनी नाही आलं, कानांनी आलं. आणि कान मला त्या गाडीनं दिले." अधिकारी बदलून गेला, गाडी विकली गेली, पुढे तिचा पत्ता नव्हता. निवृत्तीच्या वर्षी सर नेवाशाकडे एका शेतकऱ्याचं ऑइल इंजिन दुरुस्त करायला गेले, तर गोठ्यात ती उभी. तीच. एका पट्टीवर त्यांनी स्वतः कानशीने घासलेली खूण होती. चालकाच्या सीटवर कोंबडी बसली होती.

सरांनी तिथल्या तिथे सौदा केला: पुढची तीन वर्षं तुमचं ऑइल इंजिन मी बघीन, ही गाडी मला द्या. शेतकरी म्हणाला, "न्या की सर, आमाला काय करायचीय. पन ती अंड्यावर बसलीय. तिचे दिस भरू द्या." सर एकवीस दिवस थांबले. मग दोन बैल लावून गाडी सडकेपर्यंत ओढली आणि तिथून ट्रकवर चढवली.

इंजिन बसलं होतं. म्हणजे आतून गंजून जाम. सरांनी ते गाडीतून काढलं आणि घरात आणलं, थेट जेवणाच्या टेबलावर. टेबल बाईंच्या माहेरचं, सागवानी. त्यानंतर सव्वा वर्ष दोघं जमिनीवर पाट घेऊन जेवले. बाई मला म्हणायच्या, "बाकीच्या बायकांना सवतीचा त्रास असतो तो दिसत तरी नाही. माझी बघ, टेबलावर बसलीय."

सुटे भाग बरण्यांमध्ये होते. लोणच्याच्या बरणीत रॉकेल आणि रॉकेलमध्ये व्हॉल्व्ह. मुरांब्याच्या बरणीत स्प्रिंगा. त्या उन्हाळ्यात बाईंनी कैरीचं लोणचं घातलं नाही. शेजारणीनं कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बरण्या अडकल्यात. इंजिन मुरतंय."

मी या सगळ्यात आले ते यादीमुळे. एका रविवारी चर्चहून आल्यावर सर माझ्या दारात उभे राहिले. रविवारी ते पान्याला हात लावत नसत, पण बोलायला हरकत नव्हती. म्हणाले, "स्टोअरबाई, माझ्याकडे दोनशेच्या वर वस्तू सुट्या पडल्यात. डोक्यात राहत नाहीत. तुम्ही लिहाल?" मी तेव्हापासून स्टोअरबाई झाले. प्रत्येक भागाला क्रमांक, तो कोणत्या बरणीत, कोणत्या अंगाने निघाला, कोणत्या अंगाने जाईल, हे मी लिहिलं. आणि वेगळ्या पानावर कामांची यादी, क्रमांक एक ते एकसष्ट. काम झालं की सर पुसलेल्या हातांनी वही मागायचे आणि खूण स्वतः करायचे.

घाई कशाची आहे हे मला माहीत होतं. बाईंनीच स्टोव्ह न पेटवता, म्हणजे सरांना ऐकू येणार नाही अशा बेताने सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनची खात्री या वयात देता येत नाही. वर्षभर, फार तर दीड वर्ष, मग गिरणीतसुद्धा ऐकू येणार नाही. सरांनी त्यावर एकच गोष्ट ठरवली होती. कान जायच्या आत ते इंजिन एकदा ऐकायचं.

लाटण्याची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. यंत्रातला आवाज कुठून येतो हे शोधायला मिस्त्री लोक स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावतात. सर त्यासाठी बाईंचं शिसवी लाटणं वापरत. शिसवाइतकं सरळ बोलणारं दुसरं काही नाही, असं त्यांचं मत. घड्याळ, पाण्याचा पंप, गिरणीचं जातं, सगळ्यांना ते लाटणं लावून बघत. एकदा पाळकसाहेबांना खोकला झाला होता तर त्यांच्या छातीला लावलं आणि म्हणाले, "डावीकडे, खालून तिसऱ्या फासळीत." पाळकसाहेब हसले, पण डॉक्टरकडे गेले. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला बाईंचा आवाज ठरलेला: "अहो, लाटणं!" सरांना अर्थातच तो ऐकू येत नसे. मग मी जाऊन शोधून आणायची. यादीत लाटण्यालाही मी एक क्रमांक दिला होता.

डिसेंबरात लढाई झाली. कॅम्पातून लष्कराच्या गाड्या दिवसभर जात. सर अंगणाच्या भिंतीला तळहात लावून उभे राहत आणि न बघता सांगत, "ट्रक. ट्रक. हा मोठा. याचं एक सिलिंडर मारत नाही." मी फाटकातून बघून पडताळा घ्यायची. गाड्या बरोबर असत. सिलिंडरचं मला कसं कळणार?

जानेवारीत इंजिन जोडायला आलं आणि एक भाग मिळेना. हेड गॅस्केट. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं झाकण यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. त्याच्यामुळे पाणी पाण्याच्या जागी राहतं आणि आग आगीच्या. जुना फाटला होता, नवा मुंबईतही नव्हता. तेव्हा सरांनी तो तांब्याच्या पत्र्यातून करून घ्यायचं ठरवलं आणि आबा तांबटाला बोलावलं.

आबांनी चाळीस वर्षं घागरी, बंब आणि हंडे केले होते. त्यांनी जुना पत्रा उलटसुलट बघितला, भोकं मोजली आणि फरफरत्या स्टोव्हजवळ बसून विचारलं, "ह्याच्यात काय ठेवायचं?"

"काही नाही," सर म्हणाले.

"मग दिसायला कुटं दिसनार?"

"कुठेच नाही. दोन लोखंडांच्या मध्ये दाबून जाणार."

आबांनी मान हलवली, पण काम घेतलं. आठ दिवसांनी ते फडक्यात गुंडाळून गॅस्केट घेऊन आले आणि आमच्यासमोर उलगडलं. एकेक भोक बरोबर, कडा सरळ. आणि सगळ्या पत्र्यावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लहान लहान गोल ठोक्यांची नक्षी. मठारकाम. चांगल्या बंबावर असतं तसं. ऊन पडल्यावर त्यातलं प्रत्येक टिंब चमकत होतं. बाई "अगंबाई, किती सुरेख!" म्हणाल्या. मीही म्हणाले. सरांनी त्यावरून बोटं फिरवली, एकदा सावकाश या बाजूनं, एकदा त्या. मग आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काम म्हणजे काम आहे."

मी वहीत लिहिलं: गॅस्केट, एक नग, आलं.

सरांनी त्याला दोन्ही बाजूंनी रंगाचे जाड हात दिले, वाळवलं आणि बसवलं. चार दिवसांनी साखळी लावून इंजिन गाडीत उतरवलं. आणि २६ जानेवारीला, झेंडावंदन आटोपून मी घरी आल्यावर, वर लिहिलेली मंडळी अंगणात जमली.

बाईंची इच्छा होती म्हणून पाळकसाहेबांनी आधी प्रार्थना केली. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना लांब होती. तीत इंजिनाचे भाग बरेच आले, कारण पाळकसाहेब रोज येऊन बघत असत. सरांना "आमेन" ऐकू येणार नव्हतं, म्हणून त्यांनी अंदाजानेच डोळे उघडले, आम्हाला न बघता पुढे झाले आणि "या कार्बोरेटरवरही तुझी कृपा..." असं चाललेलं असताना हँडल मारलं.

इंजिन तिसऱ्या फेऱ्याला लागलं.

प्रार्थना तिथेच संपली. आबांनी टाळ्या वाजवल्या. सर सरळ उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले आणि चेहरा थोडा वर केला. त्यांना ते ऐकू येत होतं. कितपत, माहीत नाही. पण त्यांच्या तोंडावर मी तसं सुख त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि मग आम्हाला तो दुसरा आवाज ऐकू आला. सूं. बारीक, सापासारखा. झाकण आणि ठोकळ्याच्या मधून. आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. आवाज वाढत गेला, कडेनं पाण्याचे थेंब उडायला लागले, मग पांढरी वाफ. इंजिनातलं काहीही न कळणाऱ्या आम्हा चौघांनाही कळत होतं की काहीतरी फाटतंय. आणि तीस वर्षं पोरांना आवाज ओळखायला शिकवलेला माणूस डोळे मिटून हसत उभा होता.

कोणी पुढे होईना. शेवटी बाई गेल्या. त्यांनी हात पुसला, सरांच्या दंडावर ठेवला. सरांनी डोळे उघडले. वाफेकडे बघितलं नाही, आमच्या तोंडांकडे बघितलं. मग इंजिन बंद केलं.

"काय ऐकू आलं तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

अंगण आता शांत होतं, म्हणजे मी काहीही बोलले असते तरी त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं. मी बोटाने जागा दाखवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं. ठोक्यांच्या खळग्यांमधून पाण्यानं वाट काढली होती. रंग जळून गेला होता. तांबं ठोकलं की कडक होतं, आणि गॅस्केटला हवं मऊ. हे सरांनीच मला गिरणीत उभं राहून समजावलं. मला राग आला. मी विचारलं, "तुम्हाला आधी कळलं नव्हतं?"

"बोटांना कळलं होतं."

"मग बसवलंत का?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणी मोटारीचं काम दिलं. तो त्याचं सगळ्यात चांगलं ते घेऊन आला. बाईंच्या तोंडावर सुरेख दिसलं, तुमच्याही तोंडावर दिसलं. त्यावर मी काय म्हणू? मला वाटलं, रंगानं भरून निघेल."

"आणि तुमचे दिवस?" मी ओरडले. गिरणीतल्या बायकांनी वळून बघितलं.

"ते माझे आहेत ना," सर म्हणाले.

माझ्या यादीत असल्या कारणाला रकाना नव्हता. मी काही न लिहिता घरी आले. आबांना मात्र मीच जाऊन सगळं सांगितलं. सरांना ते आवडणार नाही हे माहीत असून. आबा एवढंच म्हणाले, "मला का न्हाई बोलले? मी काय लहान हाय?"

त्याच आठवड्यात ते नवा पत्रा घेऊन आले आणि अंगणात बसूनच त्यांनी तो कापला, आम्हा सगळ्यांच्या देखत. भोकं पाडली, कडा घासल्या. शेगडीवर लालबुंद केला आणि बाईंच्या घंगाळात बुडवला. चर्र झालं. पत्रा काढला तो काळपट, मऊ, वाकवला तर वाकणारा. आबांनी तो दोन हातांवर धरला, पण देईनात.

"उघडं दिल्यागत वाटतंय, सर. आमच्या घरातनं असं काम कधी भायेर गेलं न्हाई."

सरांना ऐकू आलं नाही, पण समजलं. त्यांनी खडूने पत्र्याच्या एका कोपऱ्याला बोटभर जास्तीची जीभ काढून दाखवली. "इथे. ही इंजिनाच्या बाहेर राहील. हिच्यावर काय करायचं ते करा."

पुढचा पत्रा आबांनी त्या जिभेसकट कापला. होय, पुन्हा पहिल्यापासून. हाही पत्रा तापवून मऊ केला आणि फक्त त्या बोटभर जिभेवर, ऐरणीवर धरून, एकवीस ठोके दिले. मी मोजले. आजही त्या गाडीचं बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या कडेला एक तांब्याची जीभ बाहेर आलेली दिसते, आणि तिच्यावर बंबासारखं मठारकाम.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. मला सुट्टी. हजर तेच पाच. या वेळी बाईंनी पाळकसाहेबांना सांगितलं, प्रार्थना मनातल्या मनात करा.

मधले अडीच आठवडे सरांसाठी वाईट गेले होते. गिरणीत मला आता दोनदा सांगावं लागायचं. स्टोव्हचा उपयोग होईना, म्हणून बाई त्यांचा हात धरून कानात बोलत.

इंजिन पहिल्याच फेऱ्याला लागलं. सूं नाही, वाफ नाही. नुसता तो आवाज: खालून भरदार, वर थोडा उतावळा, गाडी उभी असूनही निघाल्यासारखा. आबांनी माझ्याकडे बघून मान डोलवली. आम्ही सगळे सरांकडे बघत होतो.

सरांनी डोळे मिटले. चेहरा वर केला. आणि तसेच उभे राहिले. मग डोळे उघडले आणि पंख्याकडे बघितलं, तो फिरतोय ना म्हणून. तळहात झाकणावर ठेवला. बॉनेटवरचं लाटणं घेऊन एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं उजव्या कानाला. मग डाव्या. लाटणं खाली केलं.

"चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

सरांना यादीवर खूण करायला द्यावी म्हणून मी पेन्सिल काढली होती. ती तशीच हातात राहिली.

बाई पुढे झाल्या. त्यांनी सरांच्या हातातून लाटणं घेतलं, पदराने एक मूठ पुसली आणि म्हणाल्या, "तोंड उघडा." आजाऱ्याला सांगावं तसं. सरांना शब्द कळले नसतील, पण तो हुकूम त्यांनी तीस-पस्तीस वर्षं पाळला होता. त्यांनी तोंड उघडलं. बाईंनी लाटण्याची मूठ त्यांच्या दातांत दिली आणि दुसरं टोक नेऊन इंजिनावर टेकवलं. मग मला म्हणाल्या, "पुण्याला डॉक्टरांनी कान तपासायचा तो चिमट्यासारखा वाजणारा काटा कानाशी धरला तर यांना कळेना. दातांवर टेकवला तेव्हा दचकले होते. माझ्या आत्ता ध्यानात आलं."

सर दचकले. लाटणं दातांत घट्ट धरून ते इंजिनावर वाकले. किती वेळ, ते मी लिहिलेलं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. आबा खाली बसले. सरांच्या डोळ्यांतून पाणी लाटण्यावर आलं, पण त्यांनी ते काढलं नाही.

शेवटी काढलं तेव्हा पहिलं वाक्य हे: "तिसऱ्याचा मागचा टॅपेट. फट जास्त आहे. टिकटिक करतोय. स्टोअरबाई, लिहा, क्रमांक बासष्ट."

मी लिहिलं. तिसऱ्याचा म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा, आणि टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग. त्याची फट वाढली की तो टिकटिकतो. एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पट्टी घालून फट मोजायची, संपलं. पाच मिनिटांचं काम.

बाई म्हणाल्या, "आता माझं बोलणं ऐकायलाही लाटणं लागेल का?" आणि त्यांच्या तोंडाकडे बघून सर म्हणाले, "तुझं मला पाठ आहे."

त्यानंतर दर शनिवारी सर इंजिन सुरू करत आणि लाटणं दातांत धरून दहा मिनिटं ऐकत. बाईंनी बाजारातून दुसरं लाटणं आणलं. टेबल मोकळं झालं, बरण्या घासून निघाल्या. बासष्ट मात्र तसाच. मी पहिल्या शनिवारी आठवण केली. दुसऱ्या शनिवारी वही पुढे धरली. तिसऱ्या शनिवारी पाना आणि पट्टी दोन्ही हातात आणून दिली. दिलेली वस्तू ते घेत, हसत आणि जागेवर ठेवून देत. मला अपुरी यादी सोसत नाही. चौथ्या आठवड्यात मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: क्र. ६२ का राहिला? जागा सांगा.

सरांनी पाटी वाचली. या वेळी ते मला गिरणीत घेऊन गेले नाहीत. त्याचा उपयोग उरला नव्हता. लिंबाखाली, शांततेत, जरा जास्तच मोठ्या आवाजात ते म्हणाले, "दातांतून मला सगळं येत नाही. नुसती गुणगुण येते, पाण्याखालून आल्यासारखी. आणि माझ्या डोक्यात आधीच एक भुणभुण आहे. कुठली इंजिनाची, कुठली माझी, मला कळत नाही. ही टिकटिक तेवढी स्वच्छ येते. तिला जागा आहे. ती आली की मला कळतं, बाकीचंही इंजिनाचंच आहे."

मग म्हणाले, "ती मिटवली तर मी ऐकू काय?"

मी पाटी पुसली. वही मिटली.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, सर गेले. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. गाडी तिथेच आहे, लिंबाखाली पत्र्याच्या आडोशाला. नगरला गेले की मी बाईंकडे उतरते. शेजारचं कोणीतरी हँडल मारून देतं आणि आम्ही दोघी दहा मिनिटं बसतो. मागच्या खेपेला मी पाना आणि पट्टी पिशवीत घालून नेली होती. माझंच मला वाटलं, की आता कोणासाठी ठेवायचं? ऐकणारा राहिला नाही, आणि यंत्राला ते बरं नाही.

इंजिन लागलं. बाईंनी हात वर करून मला गप्प केलं, मी काही बोलत नव्हते तरी. कान चांगले आहेत त्यांचे. "हं," म्हणाल्या, "आहे."

मी पिशवी उघडली नाही. वही बरोबर होती, तीच. त्या पानावर एकसष्ट खुणा सरांच्या हातच्या आहेत आणि खाली माझ्या अक्षरात एक ओळ: क्र. ६२. तिसऱ्याचा मागचा टॅपेट, फट कमी करणे. बाकी.